न्यू जर्सीत पहिलं बाळंतपण, डिलिव्हरी युनिटचा अनुभव

ताईच्या पहिल्या वेळी पुण्यात रात्रभर कळा देऊन गर्भाशयाचं तोंड उघडणं चार सेंटीमीटरवर अडकलंय म्हणून सकाळी सिझर केलं, ते डोक्यातून जातच नव्हतं, आणि इकडे अमेरिकेतही तीनातलं जवळपास एक बाळंतपण सिझरच. म्हणून हॉस्पिटलचं डिलिव्हरी युनिट बघायला टूरला गेलो तेव्हा थेट विचारलं, पहिलटकरणीचं लेबर थांबलं असं तुम्ही कधी म्हणता? नर्स म्हणाली, सहा सेंटीमीटरच्या आधी नाहीच. तिथेच नाव नोंदवलं.

आधी तोंड किती वेगाने उघडायला हवं हे 1950 च्या दशकातल्या डॉ. फ्रिडमनच्या आलेखावर मोजायचे. 2014 मध्ये इथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने, एसीओजीने, ते बदललं. आता खरं लेबर सहापासून धरायचं, आणि पुढेही पाणी गेल्यावर चांगल्या कळा असतील तर चार तास, कळा कमी पडत असतील तर ऑक्सिटोसिनवर (कळा वाढवायचं औषध) निदान सहा तास वाट बघायची, अर्थात आई आणि बाळ ठीक असेल तरच.

माझं भिंतीवरच्या बोर्डावर रात्री अकराला 4, तीनला 4, सकाळी सातला 5. आई खास सांगलीहून आलेली, ती रडकुंडीला आली, अगं हे लोक काही करत का नाहीत! नर्सने तिला खुर्ची ओढून मॉनिटरजवळ बसवलं, बाळाचे ठोके दाखवले, मला कुशीवर वळवून पायांत भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा बॉल दिला. दहाला 6, आणि एक वाजता एकदम 10. पुढे अडीच तास जोर लावला, कोणी घाई केली नाही, कारण पहिलटकरणीला निदान तीन तास देतात आणि एपिड्युरल (पाठीतून दिलेलं वेदना कमी करणारं औषध) असेल तर जास्तही. मुलगी झाली, नॉर्मल.

खटकलं ते सांगते. आधी दोन सेंटीमीटरवर जानेवारीच्या थंडीत घरी पाठवलं, ते बरोबरच होतं पण का ते नीट समजावलं नाही, मी रस्ताभर रडले. ड्यूटी बदलताना तासभर कोणी फिरकलं नाही. आणि कळा देताना खायला फक्त बर्फाचे तुकडे, आईला ते बघवेना.

शेजारच्या खोलीतल्या बाईच्या बाळाचे ठोके कमी झाले तर तिला लगेच सिझरला नेलं, म्हणजे गरज असेल तिथे थांबतही नाहीत. भारतात असाल तरी सातव्या-आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा, लेबर थांबलं असं कधी म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेनेही (डब्ल्यूएचओ) 2018 पासून खरं लेबर 5 सेंटीमीटरपासून धरलंय.