बेलखेडी रोड : टेबलावर एक स्टेशन, टेबलाबाहेर सगळी लाइन

उत्तर नागपुरातील एका दुमजली घराच्या माडीवर रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी नॅरोगेजचे, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचे, मॉडेल उभारले आहे, आणि रविवारी सकाळी ते पाहुण्यांसाठी खुले असते. एका वेळी सहाच जणांना प्रवेश मिळतो, अवधी दीड तासाचा असतो, शुल्क माणशी पन्नास रुपये आहे आणि ओळखीतून आधी कळवून जावे लागते. मी गेल्या दोन महिन्यांत तीनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गाड्या पाहिल्या, दुसऱ्यांदा मॉडेलच्या नोंदींच्या वह्या वाचल्या आणि तिसऱ्यांदा गाड्या कुठून येतात व कुठे जातात हे समजून घेत बसलो. हा अभिप्राय मुख्यतः त्या तिसऱ्या भेटीवर आधारलेला आहे.

दारातच हातात जुन्या पद्धतीचे जाड पुठ्ठ्याचे छोटे तिकीट पडते आणि त्यावर मॉडेलमधल्या दिवसाची, ११ नोव्हेंबर १९६४ ही तारीख ठोकली जाते. तिकिटावर भाडे ‘नवे पैसे’ असे छापलेले आहे. ‘नवे’ हा शब्द १ जून १९६४ पासून अधिकृतपणे गळाला होता, तेव्हा ही चूक असावी असे मला वाटले. काकांनी (तेथे येणारे सर्वजण त्यांना काकाच म्हणतात) शांतपणे सांगितले, “छापलेली तिकिटं संपल्याशिवाय नवीन मागवायची नाहीत, असा आमच्या स्टेशनचा रिवाज आहे.” त्या एका वाक्यात ‘आमचे स्टेशन’ किती खरे आहे ते मला कळले.

स्टेशनचे नाव बेलखेडी रोड. ते नकाशावर नाही, कधी नव्हते. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेज मात्र खरी होती. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली आणि आता तेथे ब्रॉडगेज आहे. या खऱ्या लाइनवरील सावनेर येथून सत्तावीस किलोमीटरचा एक फाटा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सालईघाट या गावापर्यंत गेला होता, अशी काकांची कल्पना आहे. फाटा काल्पनिक, गावे काल्पनिक, पण त्यांच्याभोवतीचे सगळे खरे आहे, कारण त्या मुलखात मँगनीज आहे, संत्र्याच्या बागा आहेत आणि १९५६ मध्ये आखली गेलेली राज्याची सीमा आहे. त्यामुळे खोट्या गावांना खऱ्या कारणांनीच जगावे लागते.

बेलखेडीच्या मागे ‘रोड’ का लागला, हे मला सर्वांत जास्त आवडले. गाव स्टेशनपासून दूर असले की रेल्वे स्टेशनच्या नावाला ‘रोड’ जोडते, ही जुनी पद्धत. काकांच्या वहीनुसार लाइन टाकताना बेलखेडीच्या मालगुजाराने, म्हणजे तिथल्या जमीनदाराने, आपल्या बागेतून रूळ जाऊ दिले नाहीत, म्हणून स्टेशन गावापासून दीड किलोमीटर अलीकडे, ओढ्याच्या काठी आले. टेबलावर गाव नाही. तिकडे जाणारी बैलगाडीची वाट आणि तिच्या कडेची चिंचेची झाडे एवढेच आहे. वाट टेबलाच्या काठावर संपते, पण नजर संपत नाही. पुढे मालगुजारी गेली, बाग वाटली गेली, आणि ज्या बागेने स्टेशनला लांब ठेवले तिचाच माल आता मालधक्क्यावर येऊन पडतो. हा इतिहास काका आपणहून सांगत नाहीत. मालधक्का गावाच्या बाजूला नसून पलीकडे का आहे, असे कोणी विचारले तरच ती वही उघडते.

स्टेशनच्या उत्तर टोकाला गवतात बुडालेली एक सायडिंग, म्हणजे मुख्य लाइनपासून फुटलेला बाजूचा रूळ, आहे. तिचे रूळ गंजाच्या रंगाचे, गाडी त्या रुळावर वळवणारा सांधा खिळ्याने कायमचा बंद केलेला, आणि शेवटी खडीच्या ढिगाऱ्यावर एक मोडकी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, उभी आहे. त्या वाघिणीवर ‘द. पू. रे.’ ही अक्षरे आहेत आणि पातळ पडलेल्या रंगाखालून आधीची ‘बी. एन. आर.’ ही अक्षरे दिसतात. बंगाल नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे गेली आणि दक्षिण पूर्व रेल्वे १९५५ मध्ये झाली, इतका काळ त्या बोटभर लाकडावर दोन थरांत मावला आहे. सायडिंग मँगनीजच्या खाणीची. खाण काकांच्या कथेत फार लवकर संपली. खाणीसाठी आलेली लाइन खाण गेल्यावर कशावर जगली, या प्रश्नाचे उत्तर हेच या मॉडेलचे सूत्र आहे: संत्रा, कापूस, बुधवारचा आठवडी बाजार आणि शाळेत जाणारी मुले. ११ नोव्हेंबर १९६४ हा बुधवारच होता. दिवाळी होऊन आठवडा झालेला आहे, म्हणून स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरवर आकाशकंदील अजून लटकतो. तुरीला पिवळी फुले आहेत, कापूस वेचणीला आला आहे आणि धक्क्यावर आंबिया बहाराच्या, म्हणजे या हंगामात उतरणाऱ्या, संत्र्यांची खोकी रचलेली आहेत.

तांत्रिक बाजूबद्दल थोडक्यात सांगतो. प्रमाण १:८७ आहे. ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला ८७ ने भागले की पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि नऊ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. येथे ब्रिटनच्या पेको कंपनीचा वापरला आहे. आपल्या ब्रॉडगेजचे मॉडेल करणाऱ्यांचे असे भाग्य नाही, कारण १६७६ मिलिमीटरचे सव्वाएकोणीस व्हायला हवेत आणि मिळतो तो साडेसोळाचा रूळ. इंजिनाचे वरचे कवच काकांनी पितळी पत्र्यातून हाताने घडवले आहे, आणि त्यासाठी मोतीबागच्या नॅरोगेज संग्रहालयात त्यांनी कितीतरी दुपारी मापे घेण्यात घालवल्या. मात्र याच प्रमाणात सावनेर ते सालईघाट हे अंतर तीनशे दहा मीटर होते आणि खोलीची लांबी जेमतेम साडेचार मीटर आहे. या अडचणीला काकांनी दिलेले उत्तर धाडसी आहे. त्यांनी दोन-तीन स्टेशने कोंबली नाहीत. एकच स्टेशन पुऱ्या ऐसपैस लांबीने मांडले आणि बाकीची लाइन वहीत ठेवली.

येथे तुलना करणे भाग आहे. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले, १ एप्रिल १९९८ रोजी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय मी पाहिले आहे. तेथील काल्पनिक शहर झगमगते, हलते, आणि लहान मुलांना तासभर जागचे हलू देत नाही. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २००१ पासून सुरू असलेल्या ‘मिनिआटुर वुंडरलँड’ या जगप्रसिद्ध लघुविश्वातही क्नुफिंगन नावाचे संपूर्ण काल्पनिक शहर आहे. त्या दोन्ही ठिकाणी जे आहे ते डोळ्यांसमोर आहे, आणि तेच त्यांचे सामर्थ्य. बेलखेडी रोडला अर्धा तास काहीच घडत नाही. ज्यांना सतत धावणाऱ्या गाड्या हव्यात त्यांनी येथे येऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

काही उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. टेबल छातीच्या उंचीवर आहे, त्यामुळे नजर रुळांच्या पातळीला येते हे खरे. पण दहा वर्षांखालील मुलांना काही दिसत नाही आणि स्टुले दोनच आहेत. ट्यूबलाइटच्या प्रकाशात नोव्हेंबरची दुपार फिकट पडते. उन्हाळ्यात तर जाऊच नये: नागपूरच्या उष्णतेने रूळ लांबतात, कूलरच्या दमटपणाने खालचे प्लायवूड फुगते, आणि मे महिन्यात गाड्या दोनदा घसरल्याचे काकांनीच मला सांगितले. सर्वांत मोठी खंत मात्र वेगळी आहे. ओढ्याच्या वळणावर एक पळस केशरी फुलांनी पेटलेला आहे. पळस फाल्गुनात फुलतो. तुरीला फूल असताना तो फुललेला असणे शक्य नाही. मी हे दाखवल्यावर काका म्हणाले, “बरोबर पकडलं तुम्ही. पण फुलल्याशिवाय तो पळस आहे हे मुलांना ओळखू येत नाही.” मला हे उत्तर पटलेले नाही. ज्या माणसाने तिकिटावरच्या एका शब्दाचा हिशेब ठेवला, त्याने ऋतूचा हिशेब सोडू नये. पानांचे त्रिकूट नीट कापले तर पळस फुलाविनाही ओळखू येईल, आणि तसे झाड करून देण्याची तयारी मी त्यांना बोलून दाखवली आहे.

वह्या पाहुण्यांच्या हाती आधीच द्याव्यात, अशीही माझी सूचना आहे. एकूण चार वह्या आहेत: एकीत लाइनचा इतिहास, दुसरीत वेळापत्रक, तिसरीत प्रत्येक वाघिणीचा माल व मुक्काम, आणि चौथे स्टेशनचे गाड्यांचे रजिस्टर. गावाची वहीही आता सुरू झाली आहे, पण तिच्यात सध्या मालगुजारांच्या घराण्याखेरीज फारसे कोणी नाही. फाटकवाला, सांधेवाला आणि धक्क्यावरचे हमाल टेबलावर आहेत. वहीत त्यांना अजून घर नाही. हे काम व्हायला हवे, कारण स्टेशन त्यांच्यावर चालते.

दीड तासाच्या अखेरीस संध्याकाळची मिश्र गाडी, म्हणजे प्रवासी आणि माल एकत्र नेणारी, येते. भिंतीवरचे घड्याळ सहापट वेगाने चालणारे आहे. आपला एक मिनिट म्हणजे बेलखेडी रोडची सहा मिनिटे. इंजिन पाणी घेते, संत्र्याच्या दोन वाघिणी जोडल्या जातात, सांधेवाल्याच्या जागी उभे राहून काका पुढच्या लाइनवर जाण्याच्या परवानगीचे टोकन देतात आणि गाडी टेकडीआड जाते. टेकडीमागे फळीवर उघडे रूळ आहेत, तेथे गाडी थांबते, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही कोणी उठत नाही. सालईघाट तेथून नऊ किलोमीटर आहे आणि चढ आहे. चार मिनिटे खोलीत फक्त पंख्याचा आवाज असतो. मग काका चष्मा लावतात, घड्याळाकडे पाहतात आणि रजिस्टरमध्ये लिहितात: सालईघाट, पोहोच ५.४२, दोन मिनिटे उशिरा.