ऐरोलीची फ्लेमिंगो बोट (कोळीवाड्यातली): पैसे वसूल, फक्त भरतीचं गणित विचारून जा

आधीच सांगते, साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो बुकिंगसाठी, बोटीसाठी नाही.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं (कांदळवन म्हणजे खाडीतलं तिवरांचं जंगल) जैवविविधता केंद्र आहे, तिथूनही फ्लेमिंगोची बोट सुटते हे बहुतेकांना माहितीये. पण शनिवार रविवार आम्हाला तिथलं काही जमलं नाही म्हणून नणंदेच्या ओळखीने कोळीवाड्यातल्या होडीवाल्यांच्या एका ग्रुपकडे गेलो. ग्रुपला धड नाव पण नाहीये, सगळे नुसतं 'बोटवाले' म्हणतात, त्यामुळे इथे नाव टाकत नाही. तुम्ही कोणाकडेही गेलात तरी परवानगी आहे का आणि लाइफ जॅकेट मिळणार का हे दोन प्रश्न आधी विचारा. आमच्याकडे दोन्ही होतं. जॅकेटला जो काय वास होता तो मात्र घरी येईपर्यंत नाकात बसला होता, ते धुवा हो कधीतरी.

माणशी पाचशे पडले. सासूबाई, मी, नवरा आणि भाचा, शिवाय बोटीत अजून एक मुलुंडची फॅमिली आणि दोन कॅमेरावाले. कॅमेरावाल्यांच्या लेन्स एवढ्या मोठ्या की त्यांना प्रत्येकी दीड सीट लागली, असो.

आता बुकिंगचं. व्हॉट्सॲपवर सकाळी सातची वेळ ठरली, ॲडव्हान्स दिला, रात्री साडेदहाला मेसेज की सात नाही साडेनऊ. मी वैतागले, कारण सासूबाईंच्या गोळ्या, नाश्ता, सगळं त्या सातच्या हिशोबाने चाललं होतं. फोन केला तर म्हणे "ताई पानी नाय ना सात वाजता." अहो पण पाण्याचं टाइमटेबल तर तुम्हाला वर्षभराचं पाठ असतं ना, मग पैसे घेताना सांगायला काय झालं! एवढीच तक्रार. बाकी तिकडे गेल्यावर कळलं की पाण्याशिवाय खरंच काही नाही होत, कारण भरती पूर्ण असली की चिखल बुडालेला, मग पक्षी तिथे थांबतच नाहीत, सीवूड्स नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागांवर जाऊन बसतात, आणि ओहोटी पूर्ण झाली की पक्षी भरपूर पण बोट चिखलात रुतणार. म्हणजे मधला जो काय दीड दोन तास पाणी चढत किंवा उतरत असतं तोच तुमचा. तो रोज पुढे सरकतो. त्यामुळे "आम्हाला रविवारी आठचीच वेळ पाहिजे" असं म्हणणाऱ्यांनी त्यापेक्षा एखाद्या मॉलमध्ये जावं.

धक्क्यावरून निघालं की आधी दोन्ही बाजूंना तिवरं, मग एकदम खाडी मोकळी होते. मागे ऐरोलीचा पूल, समोर लांबवर विक्रोळी कांजूरच्या इमारती, मधेच विजेचे टॉवर पाण्यात उभे. सुंदर वगैरे म्हणणार नाही मी, पाण्याला वास आहे, प्लास्टिक आहे, कांजूरच्या डंपिंगच्या दिशेने घारी घिरट्या घालत असतात. पण या सगळ्याच्या मधे गुलाबी पट्टा दिसायला लागतो, आधी वाटतं कोणीतरी कापड वाळत घातलंय आणि मग तो पट्टा हलतो. भाचा तर ओरडलाच. त्याला लगेच गप्प केलं, आम्ही नाही, बोटवाल्या दादांनी.

ते दादा साधारण पन्नाशीचे, डोक्याला रुमाल, बोलणं एकदम कमी. पक्ष्यांपासून बऱ्याच अंतरावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि उभं राहून लांब बांबू चिखलात टेकवत टेकवत होडी सरकवायला लागले. बांबू किती बुडतो ते बघायचे, पुन्हा दोन हात पुढे, पुन्हा बघायचे. मग एका जागी थांबलेच. मुलुंडवाले काका म्हणाले अजून थोडं आत घ्या की, आणि जरा उडवा ना, व्हिडिओ मस्त येईल, वर दोनशे देतो. दादांनी बांबू आडवा ठेवला आणि म्हणाले, "उरवलं तं खातील कवा?" म्हणजे उडवलं तर खातील कधी. बस, एवढंच. काकांनी पाचशेवर नेलं तरी हलले नाहीत. बायको काकांना कोपराने ढोसत होती ते मी बघितलं.

मला हे फार आवडलं, आणि त्यामागे हिशोब पण आहे, नुसतं प्रेम नाही. छोट्या फ्लेमिंगोचं (आपल्याकडे जास्त तेच, मोठे थोडे) खाणं म्हणजे पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ, मान खाली घालून चोच उलटी करून गाळून खातात, दिवसातले तासन् तास तेच काम. ते सुद्धा चिखल उघडा असेल तेवढाच वेळ. मेअखेर, फार तर जूनमध्ये त्यांना गुजरातकडे जायचं असतं, कच्छच्या रणात त्यांची वीण होते. अंगावर चरबी चढवायला आपली खाडी. प्रत्येक वेळी थवा उडवला की खाल्लेलं तिथेच खर्च. शिवाय जिथे रोज उडवलं जातं तिथे पक्षी बसायचे बंद होतात, मग बोटवाल्यांचा धंदा पण बंद. दादांनी हे असं सांगितलं नाही, त्यांच्या पोराने सांगितलं, जो मागे बसून इंजिन सांभाळत होता आणि बीकॉम करतोय म्हणे. त्यानेच भाच्याला दाखवलं की राखाडी दिसतात ती पिल्लं, गुलाबी रंग त्या शेवाळातूनच चढतो, अजून चढलेला नाही. गाईड म्हणून तो पोरगा बोर्ड लावलेल्या कितीतरी गाईडांपेक्षा भारी. चित्रबलाक, काळ्या डोक्याचा कुदळ्या, कुरव, सगळं बोटाने दाखवलं आणि जे नाव आठवलं नाही तिथे सरळ "हे आमच्यात नुस्ता चिखल्या म्हनतात" असं सांगून मोकळा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण ही बोट नुसती 'ॲक्टिव्हिटी' म्हणून बघितली तर अर्धी गंमत जाते. ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने यायला लागले ते साधारण नव्वदच्या दशकात. आपल्या शहरांचं सांडपाणी खाडीत आलं, त्यावर शेवाळ पोसलं, शेवाळावर फ्लेमिंगो, असं जाणकार सांगतात. २०१५ ला अभयारण्य जाहीर झालं, १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव लागलं. सगळं छान. पण तेच सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मासळीला बाधलं, आणि ज्यांचं घर या खाडीवर चालायचं त्या कोळ्यांची जाळी रिकामी यायला लागली. म्हणजे मासळी गेली आणि पक्षी आला. अभयारण्य म्हटल्यावर वर आणि मासेमारी बंद करतात की काय ही धास्ती. पोरगा म्हणाला की त्याच्या आज्जाला अजून फ्लेमिंगो म्हटलं की राग येतो! तर अशा लोकांनी त्याच पक्ष्यावर रोजी काढायची ठरवली आणि वर त्याला कोणी त्रास देऊ नये म्हणून ग्राहकाशी पंगा घेतात, तर माझ्या मते पाचशे रुपयांत घासाघीस करणाऱ्याने जरा लाज बाळगावी. (आमच्यात एकाने केली. नवरा. नाव घेत नाही.)

आणि हे लोक खाडीत पहाटेपासून असतात हे विसरू नका. कुठे रात्रीत डंपरने राडारोडा टाकला, कुठे तिवरं तोडली, कुठे नाल्याचं तोंड बुजवलं, हे सगळ्यात आधी त्यांना दिसतं. साहेब लोकांची गाडी येते ती नंतर. हायकोर्टाने २०१८ मध्ये कांदळवन तोडण्यावर कडक निकाल दिलाय, भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा, पण तो मोकळा आहे की नाही हे रोज बघणार कोण? जो रोज जातो तोच. त्या पोराच्या मोबाईलमध्ये असे कितीतरी फोटो होते, लोकेशनसकट. तक्रारीचं पुढे काय होतं विचारलं तर नुसता हसला.

कोकणात हे मॉडेल बऱ्यापैकी रुजलंय. वेळासला कासव महोत्सव २००६ पासून चालू आहे, गावातल्या घरांत राहायचं, तिथलंच जेवायचं, आणि ज्या गावात पूर्वी कासवाची अंडी उकरून नेली जायची तिथलेच लोक आता ती राखतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून कांदळवन सफर घडवतात, ती मी केलीये, झकास आहे. आणि समुद्रातल्या मच्छीमारांसाठी २०१८ च्या शेवटी एक योजना आली, जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला तर जाळं कापून सोडायचा, फोटो व्हिडिओ द्यायचा आणि जाळ्याच्या नुकसानीचे पंचवीस हजारांपर्यंत पैसे मिळतात. मला हे पटतं कारण यात कोणी कोणाला 'निसर्गावर प्रेम करा' असं शिकवत नाहीये, जाळ्याचे पैसे भरून देतायत. प्रेम त्यांच्याकडे आधीच आहे, जाळं घ्यायला पैसे नसतात. नवी मुंबईत आपण काय केलं तर प्रत्येक पुलाखाली आणि सर्कलवर फ्लेमिंगोची चित्रं आणि पुतळे. बोटवाल्यांच्या धक्क्यावर एक संडास बांधला असता त्याऐवजी तर बायकांनी दुवा दिला असता. हो, संडास नाहीये, स्टेशनवर किंवा घरूनच आटपून जा, सासूबाईंचे हाल झाले.

आता जेवण, कारण बऱ्याच जणांना त्याचंच जास्त पडलेलं असतं. आदल्या दिवशी सांगितलं तर कोळीवाड्यातल्या एका ताईंकडे जेवण मिळतं, ताट साडेतीनशे, चिंबोरीचे वेगळे. तांदळाची भाकरी गरम गरम तव्यावरून ताटात, कोलंबीचं कालवण, तळलेला बोंबील, सोलकढी. बोंबील बाहेरून कडक आणि आत असा मऊ की काट्याचं भान राहत नाही. कालवणात चिंच थोडी जास्त वाटली मला, नवऱ्याला तीच आवडली. मी सहज विचारलं की मासे या खाडीतलेच ना, तर ताई सरळ म्हणाल्या, "नाय गं बाय, बोंबील भाऊच्या धक्क्यावरचं, कोलंबी बाजारातली. चिंबोरी आनि निवटी तेवरी आपली." दुसरं कोणी असतं तर 'ताजी लोकल कॅच' म्हणून डबल पैसे लावले असते. निवट्या म्हणजे ते चिखलात टुणटुण उड्या मारतात ना तेच, सकाळी बोटीतून बघितले होते. ताटात भाच्याने हात लावला नाही, सासूबाईंनी दोनदा घेतल्या आणि त्यांच्या आईच्या हातच्या निवट्यांची आठवण काढत बसल्या, दिघ्याच्या खाजणात मिळायच्या म्हणे भरपूर. ताई आणि त्यांचं जे जुळलं ते आम्हाला निघायला तीन वाजले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली, मधे फक्त दिघा गाव, मग रिक्षा. गाडी आणायचा हट्ट नको, गल्ल्या अरुंद आहेत आणि धक्क्यावर जाळी वाळत असतात, त्यावर गाडी घालणारे पण बघितले आम्ही. डिसेंबरात जाऊ नका, पक्षी येतायत तोवरच लोक धावतात आणि मग "दहाच दिसले" म्हणून वन स्टार देतात. फेब्रुवारी ते एप्रिल बेस्ट, मेमध्ये पक्षी भरपूर पण ऊन जीव घेतं, बोटीला छप्पर आहे ते अर्ध्या लोकांना पुरतं. गुलाबी-लाल भडक कपडे घालू नका असं पोराने सांगितलं, त्यात शास्त्र किती मला माहीत नाही पण एवढं ऐकायला काय जातं. दुर्बीण न्या, मोबाईलच्या झूममध्ये नुसते ठिपके येतात. गुगल पे चालतं पण धक्क्यावर नेटवर्क गटांगळ्या खातं, तेव्हा रोख ठेवा. आणि लहान मुलं असतील तर वेफर्सची पाकिटं बॅगेतून काढूच नका, आमच्या बोटीत एक रिकामं पाकीट उडून पाण्यात पडलं तर दादांनी होडी वळवून, इंजिन पुन्हा चालू करून, ते जाळीने काढलं आणि मग ज्याचं होतं त्याच्या मांडीवर ओलंच ठेवलं. काकांचंच होतं.