कंपायलरच्या मेकफाइल तपासणीसाठी ग्नू मेक 4.4: एकट्या ‘शफल’साठीही घ्यावं असं

ग्नू मेक हे मेकफाइलमधल्या नियमांनुसार प्रोग्राम बांधणारं (बिल्ड करणारं) साधन. त्याच्या 2022 मध्ये आलेल्या 4.4 आवृत्तीतला ‘--शफल’ हा पर्याय मेकफाइलमधले बदल तपासणाऱ्यांना फार उपयोगी आहे. तो प्रीरिक्विझिटचा, म्हणजे टार्गेटच्या (बनवायच्या फाइलच्या) आधी तयार हव्या असलेल्या फाइलींचा, क्रम मुद्दाम विस्कटतो. त्यामुळे केवळ नशिबाने चालणारा बिल्ड लगेच उघडा पडतो.

नेहमीचं उदाहरण बायसनचं, म्हणजे व्याकरणाच्या फाइलमधून पार्सरचा कोड बनवणाऱ्या साधनाचं. पार्सर.वाय मधून पार्सर.सी आणि पार्सर.एच अशा दोन फाइल तयार होतात. लेक्सरला (मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागाला) पार्सर.एच हे हेडर लागतं. त्याच्या नियमात ते लिहायचं राहिलं, तरी एका जॉबवर (एका वेळी एकच काम) सगळं सुरळीत चालतं. स्वच्छ डिरेक्टरीत ‘मेक -जे8 --शफल’ (एका वेळी आठ जॉब) दोनचारदा चालवा. हेडर सापडत नाही म्हणून बिल्ड बहुधा पडेल आणि त्रुटीच्या ओळीतच सीड, म्हणजे त्या विस्कटलेल्या क्रमाचा आकडा, छापलेला असेल. तोच सीड दिला की तोच क्रम परत मिळतो. कंपायलरच्या ‘-एमएमडी’ पर्यायाने बनणाऱ्या डी फाइलवर (कोणत्या फाइलला कोणतं हेडर लागतं त्याच्या यादीवर) इथे विसंबू नका, पहिल्या बिल्डला त्या नसतातच. लेक्सरच्या ऑब्जेक्ट फाइलच्या नियमात ‘|’ नंतर पार्सर.एच लिहा, म्हणजे ते आधी बनेल.

दोन फाइल बनवणाऱ्या नियमात साधा ‘:’ असेल तर बायसन समांतर दोनदा चालू शकतो. त्यावर उपाय ‘&:’ (दोन्ही फाइल एकाच वेळी बनतात असं सांगणारी खूण), पण तो 4.3 पासूनच. मॅकवर अजून 3.81 येतं आणि ते ‘&’ला निमूटपणे आणखी एक टार्गेट समजतं! मेकच्या .फीचर्स या सोयींच्या यादीत ‘ग्रुप्ड-टार्गेट’ आहे का ते तपासून, नसेल तर बिल्ड तिथेच थांबवावा.

मेकचा डीबगचा मजकूर मात्र अजूनही सहज वाचता येत नाही.