जुनी शिडाची होडी: प्लायवूडची घ्यावी की फायबरची?

एन्टरप्राइझ, जीपी१४, वेफेरर आणि मिरर या चारही जातींच्या होड्या आधी प्लायवूडच्या बनल्या, पुढे फायबरच्याही आल्या. त्यामुळे जुनी होडी शोधणाऱ्याला पुष्कळदा एकाच मापाच्या दोन होड्यांतून निवड करावी लागते. शीड आणि डोलकाठी तीच, पण बिघडायची आणि दुरुस्तीची तऱ्हा साफ वेगळी. आमचं मत आधीच सांगतो: छपराखाली हवेशीर जागा असेल तर प्लायवूड, वर्षभर उघड्यावर राहणार असेल तर फायबर. कुठलीही असो, वजन केल्याशिवाय घेऊ नका.

त्याआधी होडी कोणत्या जातीची ते पक्कं करा. शिडावरची घंटा म्हणजे जीपी१४. एन्टरप्राइझची शिडं निळी, मिररची लाल. मात्र शिडं एका होडीवरून दुसरीवर सर्रास जातात, म्हणून शिडावरच्या नंबरावर विसंबू नका. लाकडात कोरलेला किंवा पट्टीवर ठोकलेला नंबर शोधा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या होड्यांवर मागच्या फळीच्या उजव्या बाजूला १२ अक्षरं-अंकांचा क्रमांक असतो, त्यातली पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. काहीच सापडलं नाही तर टेप लावा: मिरर ३.३० मीटर, एन्टरप्राइझ ४.०४, जीपी१४ ४.२७, वेफेरर ४.८२.

जात कळली की वजन ताडून बघता येतं. जीपी१४ची नुसती होडी साधारण १३३ किलो, वेफेररची १६९. पुढे-मागे एकेक ताणकाटा लावून होडी दोन्हीकडून एकदम उचला आणि आकडे जोडा. आठ-दहा किलो जास्त भरले तर आत पाणी आहे असंच धरून चाला. खरा फरक इथेच आहे. उघडं प्लायवूड रंग खरवडून सावलीत ठेवलं की काही आठवड्यांत वाळतं. फायबरच्या दोन थरांमधल्या फोममध्ये शिरलेलं पाणी बाहेर यायला वाटच नसते.

प्लायवूड आपलं दुखणं दाखवतं. व्हार्निशखाली काळा डाग दिसला की तिथून पाणी शिरलंय. सेंटरबोर्डच्या (होडीच्या मध्यातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळ, मागच्या फळीचे खालचे कोपरे आणि पाणी काढायच्या भोकांच्या कडा टोच्याने तपासा. टोच्या सहज घुसला तर लाकूड कुजलंय. कुजकं निरोगी लाकडापर्यंत कापून काढायचं आणि नवा तुकडा उतरत्या सांध्याने बसवायचा, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या. उतार १ ला ८, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी. रंधा मारताना प्लायच्या थरांचे पट्टे उघडे पडतात. ते सरळ, समांतर आणि सारख्या रुंदीचे दिसले की उतार बरोबर झाला. आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर कडक होणारं चिकट रेझिन) लावून थोडा वेळ थांबा, कारण उघडे पडलेले तंतू ती शोषून घेतात. मग सिलिका घालून टूथपेस्टइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरा. क्लॅम्प बेताने आवळा. फार आवळला की सगळी इपॉक्सी बाहेर येते आणि सांधा कोरडा राहतो. ती कडक झाल्यावर वर येणारा मेणचट थर घासण्याआधी पाण्याने धुवा, नाहीतर रंग धरत नाही. पैसे वाचवायला पॉलिस्टर रेझिन वापरू नका, लाकडावरून ते पुढेमागे सुटतंच.

फायबरवर वरवरच्या भेगा दिसतात, पण त्याचं कारण आत असतं. एखाद्या बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असतील तर तिथला पत्रा लवतोय. नुसती भेग भरली तर ती पुन्हा येते. आतून प्लायचा तुकडा आणि मोठे वॉशर द्या, मग भेग व्ही आकारात कोरून जेलकोट (फायबरवरचा रंगीत, गुळगुळीत वरचा थर) भरा. जेलकोटमध्ये हार्डनर साधारण २ टक्के. साध्या जेलकोटचा वरचा थर हवेत चिकट राहतो, म्हणून वर प्लास्टिकची फिल्म अंथरा. दुरुस्ती इपॉक्सीने केली असेल तर वर जेलकोट नको, तो नीट पकडत नाही. तिथे रंगच द्या. डेक पायाखाली दबत असेल तर वरचा थर कापून ओला गाभा बदलावा लागतो. नुसती भोकं पाडून रेझिन सोडण्याचा उपाय आम्हाला पटत नाही, ओल्या गाभ्याला ते चिकटतच नाही. होडी बुडू नये म्हणून ठेवलेल्या तरंगण्याच्या बंद टाकीत थर्मोकोल असेल तर पॉलिस्टर रेझिन त्याला लागू देऊ नका, थर्मोकोल विरघळून जातो.

टाक्यांची चाचणी दोन्हींत सारखी. नळी लावून तोंडाने हलकी हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. कंप्रेसर लावलात तर सांधे उकलतील.

डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तिथे तंतू तुटलाय, आणि एक जरी तुटलेला सापडला तरी दोन्ही बाजूंच्या तारा बदला. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचे रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती पांढरी भुकटी दिसते. नवे बसवताना मध्ये गंजरोधक पेस्ट भरा. शीड शेवटी घ्या. जुन्या शिडाचं पोट मागे सरकलेलं असतं, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात होडी पुढे जाण्याऐवजी कलते. नव्या शिडाने हा फरक लगेच कळतो, पण पाणी पिणाऱ्या होडीवर तो खर्च वाया जातो.