सोलापूरच्या उन्हाळ्यातून पार पडलेला बजेट गेमिंग लॅपटॉप

दिवाळीत घेतलेल्या लॅपटॉपने आता अख्खा उन्हाळा काढलाय, म्हणून लिहायला बसलो. थंडीत लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच तारे दिले असते. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर गेला की मशीनचं खरं पाणी कळतं.

बजेट ५५ हजारांच्या आतलं. दिवसा कॉलेजचं काम, रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट, सुट्टीला जीटीए फाइव्ह हे गेम, एवढीच गरज. घेतला तो असा: रायझन ५ ५६००एच प्रोसेसर, आरटीएक्स २०५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी) स्क्रीन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हाच मसाला तीन-चार कंपन्या विकतात आणि गुणदोषही थोड्याफार फरकाने तेच.

नवी पेठेत दुकानात गेलात की सगळा जोर ग्राफिक्स कार्डाच्या आकड्यावर. "दादा, सोळाशे पन्नास जुनं झालं, हे दोन हजार पन्नास आहे." आहेच नवीन, त्यात डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करून गेम वेगवान करणारं तंत्र) पण मिळतं. मात्र २०५० ची मेमरी बस, म्हणजे कार्डाच्या मेमरीतून डेटा येण्याजाण्याचा रस्ता, ६४ बिटची आणि त्या 'जुन्या' १६५० ची १२८ बिटची, हे कोणी सांगत नाही. मेमरी दोन्हीकडे ४ जीबीच. डीएलएसएस चालणारे गेम खेळणार असाल तर २०५० घ्या; नुसतं व्हॅलोरंट असेल तर १६५० स्वस्तात मिळालं तरी काही बिघडत नाही.

कार्डापेक्षा जास्त फरक पडला तो रॅमने. ८ जीबीची एकच पट्टी होती. त्यातली तीन-चार जीबी विंडोजच खातं, वर क्रोम उघडं असलं की संपलंच. जीटीएत गाडी जोरात पळवली की चित्र अडखळायचं, रस्ता उशिरा उमटायचा. दुसरी ८ जीबीची पट्टी टाकली, ड्युअल चॅनल झालं, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र काम करू लागल्या, आणि ते अडखळणं जवळजवळ गेलं. म्हणून घेतानाच विचारा, दुसरा स्लॉट रिकामा आहे का. काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे पुढे हात चोळत बसावं लागतं.

आता मुख्य दुखणं, गरमी. पंखा बाहेरची हवा आत ओढतो. खोलीतच ३८-४० अंश असतील तर तो बिचारा काय थंड करणार? मेच्या दुपारी प्रोसेसर ९५ च्या पुढे जायचा आणि फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन खाली यायच्या. कीबोर्डचा मधला भाग तर तव्यासारखा. उपाय फुकटातला निघाला. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के केलं. त्याने बूस्ट, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झच्या आसपास राहतो आणि तापमान बरंच उतरतं. गेममध्ये फ्रेम ६० वर बांधल्या. १४४ हर्ट्झचा तोरा उन्हाळ्यापुरता गुंडाळून ठेवला, पण खेळ सलग चालला.

आणि कृपा करून गादीवर चादर टाकून त्यावर लॅपटॉप ठेवू नका. आपली सोलापुरी चादर जाडजूड, खालच्या जाळ्या पार बुजतात. मी मागच्या बाजूला दोन जाड वह्या लावतो, टेबल आणि लॅपटॉपमध्ये बोटभर जागा राहते. कूलिंग पॅडवर पैसे घालायची गरज पडली नाही.

आमचं घर साखर पेठेत, शेजारी यंत्रमाग. सुताची बारीक धूळ खिडकी बंद असली तरी घरात येतेच. पंख्याचा आवाज वाढला म्हणून मागचं झाकण उघडलं, तर पात्यांच्या पलीकडे, हवा बाहेर पडते त्या फटीत, करड्या रंगाचा चक्क एक पट्टा जमला होता, बोटाने अलगद सोलून निघाला. मागांच्या आसपास राहणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी ही सफाई करावीच.

बॅटरीवर गेम खेळायचं मनात आणू नका. अॅडॉप्टर काढला की कार्डाची ताकद कमी होते आणि तासाभरात चार्ज संपतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालतो, पण भार दोन पंख्यांच्या घरात जातो, तेव्हा घरच्यांची बोलणी खायची तयारी ठेवा.

स्क्रीन ४५ टक्के एनटीएससीवाला (एनटीएससी हे रंगांच्या आवाक्याचं माप), म्हणजे रंग फिके. गेमला चालतो, फोटो एडिटिंगला नाही. स्पीकर हेडफोन घ्यायला लावणारे.

झाकण स्वतः उघडण्याआधी वॉरंटीचं तेवढं विचारून घ्या. काही कंपन्यांना रॅम टाकलेली, सफाई केलेली चालते, काही स्क्रूवर सील लावतात. तोंडी 'चालेल' म्हणतात, ते मेलवर लिहून मागा.