वर्ल्ड क्लब चॅलेंज, विगन: पैसे वसूल, पण दरवर्षी भरवा ना!

५ पैकी ४ स्टार. मॅचला पूर्ण ५ दिले असते, एक कापला तो कॅलेंडरसाठी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, रग्बी लीगमध्ये इंग्लंडच्या सुपर लीगचा चॅम्पियन आणि ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलचा चॅम्पियन यांची एकच मॅच होते, ती ही. मी फेब्रुवारी २०२४ ची इंग्लंडचं विगन विरुद्ध ऑस्ट्रेलियाचं पेनरिथ अशी मॅच बघितली, डीडब्ल्यू स्टेडियममध्ये बसून. जायच्या आधी जो तो हेच सांगत होता की ऑस्ट्रेलियन क्लबांना या मॅचचं काही पडलेलं नसतं, त्यांचा सीझन मार्चमध्ये सुरू होतो, ते वॉर्मअप करायला येतात. अहो कसलं वॉर्मअप! पेनरिथचा स्टार नेथन क्लिअरी स्वतः खेळला, टॅकल असे बसत होते की वर स्टँडमध्ये आवाज यायचा, आणि अगदी शेवटी त्यांचा टेलन मे लाइनच्या पलीकडे पोचला तरी व्हिडिओ रेफरीने ट्राय (म्हणजे लाइनपलीकडे बॉल टेकवून मिळणारे गुण) दिली नाही तेव्हा पेनरिथवाल्यांचे चेहरे बघायला हवे होते. विगन १६, पेनरिथ १२. २४,०९१ लोक होते, स्टेडियम जवळजवळ फुल्ल.

आणि पेनरिथला हा कप नकोय असं कोण म्हणेल? १९९१, २००४, २०२३, २०२४, चारही वेळा हरलेत. २०२३ मध्ये तर स्वतःच्या मैदानावर शेवटच्या मिनिटांत बरोबरी साधली आणि मग गोल्डन पॉइंटमध्ये, म्हणजे जादा वेळेत जो आधी गुण करेल तो जिंकला, इंग्लंडच्या सेंट हेलेन्सच्या लुईस डॉडने ड्रॉप गोल (चालू खेळात बॉल टप्पा पाडून पोस्टमधून मारलेली किक) मारला, १३-१२. घरी चार-चार प्रीमियरशिप (एनआरएलची विजेतेपदं) सलग जिंकलेली टीम, तिच्याकडे हा एक कप नाही.

विगनवाल्यांचं तर विचारूच नका. १९८७ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅनलीला त्यांनी ८-२ ने हरवलं होतं, एकही ट्राय न होता, नुसत्या पेनल्टी किकांवर, आणि त्या मॅचबद्दल तिथली म्हातारी माणसं आजही भरभरून बोलतात. २०२४ मध्ये त्यांनी सीझनचे चारही कप मारले आणि मोजताना हा पहिला मोजतात.

म्हणजे मैदानावर उतरल्यावर क्लब जीव तोडून खेळतात, घोडं अडतं ते तारीख ठरवताना. २०२५ चंच बघा, १ मार्चला विगन आणि पेनरिथ दोघंही लास वेगासमध्ये, एकाच दिवशी, एकाच स्टेडियममध्ये, पण वेगवेगळ्या टीमशी आपापल्या लीगच्या मॅच खेळत होते आणि वर्ल्ड क्लब चॅलेंज त्या वर्षी झालंच नाही! मला याचा खरंच राग आला. आपल्याकडे क्रिकेटची चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटी होती, मुंबई इंडियन्सने दोनदा जिंकली, २०१४ नंतर बंद पडली, आता कुणाला आठवते तरी का? वर्षाआड, सोयीने भरवली की लोकांची सवयच तुटते. एनआरएलने फेब्रुवारीतला एक वीकेंड यासाठी कायमचा राखून ठेवायला पाहिजे, क्लबांवर सोडूच नये.

मँचेस्टरहून जाणार असाल तर ट्रेन सोपी पडते, स्टेशनवरून गर्दीच्या मागे चालत सुटायचं, वीस-पंचवीस मिनिटं लागतात. थर्मल घाला, फेब्रुवारीतला वारा हाडं गोठवतो. व्हेज खाणाऱ्यांनी चीज-कांद्याची पाई शोधा, गरम मिळाली तर मस्त लागते.