भाड्याच्या घराच्या भिंती: एकही खिळा न ठोकता अकरा महिने

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका वन बीएचकेमध्ये आम्ही भाड्याने राहायला आलो, तेव्हा किल्ली हातात देताना घरमालकीण काकूंनी भिंतीला खिळा मारायचा नाही, ही एकच अट दोन वेळा सांगितली. मला ती जाचक वाटली नाही. आधीच्या घरात दुहेरी फोम टेपने चिकटवलेली काचेची फोटोफ्रेम जुलैमधल्या एका पावसाळी रात्री तळहाताएवढा रंगाचा पोपडा सोबत घेऊन खाली आली होती. तेवढाच डाग रंगवला तर तो उरलेल्या भिंतीशी जुळत नाही, म्हणून अख्ख्या भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून वळते झाले. या वेळी मी सजावटीसाठी बाराशे रुपयांची मर्यादा ठरवली, प्रत्येक वस्तू लावण्याआधी भिंत तपासली आणि करार संपेपर्यंत काय टिकले, काय पडले, याची नोंद ठेवली. हे परीक्षण त्या नोंदींवर आधारलेले आहे.

सर्वांत आधी त्या चिकट पट्ट्यांबद्दल, ज्या खाली टोकाला धरून ओढल्या की ताणल्या जाऊन भिंतीवरून सुटतात. मी छोट्या आकाराच्या पट्ट्या आणि त्यांच्यासोबत येणारे पारदर्शक हूक घेतले, ते सगळे मिळून २४० रुपयांना पडले. साधा दुहेरी टेप काढताना आपण तो भिंतीपासून स्वतःकडे खेचतो आणि सगळा जोर रंगाच्या थरावर येतो. या पट्टीत मात्र चिकट भाग रबरासारखा लवचिक असतो आणि ती भिंतीला समांतर, सरळ खाली ओढली की पातळ होत होत कडेपासून पृष्ठभाग सोडत जाते. कल्पना उत्तम आहे आणि माझ्या अनुभवात ती खरीही उतरली. मात्र पट्टी ज्या रंगावर चिकटते, तो रंगच भिंतीवर पक्का बसलेला नसेल तर कितीही चांगली पट्टी निरुपयोगी ठरते, आणि आपल्याकडच्या भाड्याच्या घरांत नेमकी हीच अडचण असते.

घर भाड्याने द्यायचे म्हटले की बहुतेक मालक स्वस्तातला डिस्टेंपर मारून घेतात. अशा भिंतीवरून काळा सुती कपडा जरा दाबून फिरवला की त्यावर पांढरी भुकटी येते. ती आली तर तिथे पट्टी, टेप, स्टिकर यांतले काहीही लावू नये, कारण ते भिंतीला न चिकटता त्या भुकटीलाच चिकटतात आणि काही दिवसांत आपोआप गळून पडतात, नाहीतर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतात. आमच्या हॉलची एक भिंत प्लॅस्टिक पेंटची निघाली, स्वयंपाकघरात टाइल्स होत्या आणि बेडरूममध्ये मात्र कपडा पांढरा झाला. त्यामुळे बेडरूममध्ये मी एकही पट्टी लावली नाही. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा खाणारी भिंतही मी सोडून दिली. तिचा रंग चांगला असला तरी आतून ओल येते आणि श्रावण येईपर्यंत तिथे फुगवटे दिसू लागतात. आधीच्या घरातली माझी चूक हीच होती. टेप चांगला की वाईट हा प्रश्न त्यानंतरचा.

लावण्याची पद्धत पाकिटावर छापलेली असते, पण घाईत ती कोणी वाचत नाही. भिंतीचा तेवढा भाग मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटने पुसावा, साबणाच्या पाण्याने नव्हे, कारण साबणाचा पातळ थर मागे राहतो. पट्टी अर्धा मिनिट अंगठ्याने घट्ट दाबावी आणि हूकवर वजन टांगण्याआधी निदान तासभर थांबावे. घराला नुकताच रंग दिलेला असेल तर आठवडाभर काहीच चिकटवू नये. वजनाच्या बाबतीतही एक गोष्ट नीट पाहावी: फ्रेमसाठीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा अनेकदा सगळ्या जोड्या मिळून पेलता येणाऱ्या वजनाचा असतो, एका जोडीचा नव्हे. मी काचेची फ्रेम पुन्हा लावलीच नाही. माझ्या मते भाड्याच्या घरात काच भिंतीवर टांगूच नये, ती कपाटावर किंवा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवावी.

या हूकवर मी पहिल्यांदा टांगली ती खणाची वर्तुळे. भरतकामासाठी कापड ताणून धरायची लाकडी रिंग बोहरी आळीत सहज मिळते. मी दहा, आठ आणि सहा इंची अशा तीन रिंगा २१० रुपयांना घेतल्या आणि लक्ष्मी रस्त्यावरून एक मीटर खण २२० रुपयांना आणला. खणाचा पन्हा अरुंद असला तरी एका मीटरमध्ये तिन्ही रिंगा होऊन वर चिंधी उरते. हे कापड विणले जाते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला, पण महाराष्ट्रात त्याच्या चोळ्या पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेल्या आणि खणानारळाने ओटी भरण्याची रीत तर अजूनही घरोघरी आहे, त्यामुळे भिंतीवर ते लावल्यावर काही विकतची शोभेची वस्तू आणून ठेवली आहे असे वाटत नाही. मी डाळिंबी रंगाचा, मोरपंखी काठाचा खण निवडला. त्यातली बारीक नक्षी दुरून ठिपक्यांसारखी दिसते आणि जवळ गेल्यावर एकेक बुट्टी वेगळी होते.

कृती सोपी आहे, पण एका ठिकाणी संयम लागतो. कापड उलट्या बाजूने इस्त्री करून रिंगेपेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठे कापावे, आतल्या रिंगेवर पसरावे आणि बाहेरची रिंग वरून बसवावी. आता स्क्रू लगेच पूर्ण आवळू नये. आधी कापडाचे उभे आणि आडवे धागे सरळ आहेत ना, ते पाहावे आणि कडा थोड्या थोड्या ओढून नक्षीची रांग आडवी करून घ्यावी, कारण ती जराशी तिरकी राहिली तरी भिंतीवर गेल्यावर रोज डोळ्यांना खटकते. माझी पहिली रिंग मी तीन वेळा उघडली. स्क्रू आवळून झाल्यावर मागच्या उरलेल्या कापडाला कडेने धावदोरा घालून तो नाडीच्या पिशवीसारखा ओढून गाठ मारली की पाठही नीटनेटकी दिसते. आठ इंची रिंग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर शंभर ग्रॅमसुद्धा भरली नाही. अकरा महिन्यांत तिन्हींपैकी एकही पडली नाही. खिडकीसमोरच्या रिंगेचा डाळिंबी रंग मात्र उन्हाने उतरला आहे, त्यामुळे खण थेट ऊन येईल तिथे लावू नये, हे मी आता अनुभवाने सांगू शकते.

सोफ्यामागची मोठी भिंत रिकामी दिसत होती, तिच्यासाठी मी बुरुड आळीतून बांबूचे एक सूप १८० रुपयांना आणले. त्याला गेरूचा हात देऊन वर पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीची नाचणाऱ्यांची साखळी काढली. रंगाचा खर्च ९० रुपये झाला. गेरू नुसत्या पाण्यात कालवला तर वाळल्यावर बोटाला लागतो आणि भिंतीवर तांबडी रेघ उमटवतो, म्हणून त्यात थोडे फेव्हिकॉल घालावे आणि सुपाची पाठ कोरीच ठेवावी. पांढरी रेघ काढायला ब्रश घेतला तेव्हा ती बांबूच्या विणीवर फाटत गेली. मग काडीचे टोक चेचून कुंचला केला आणि तो रंगात बुडवून ठिपक्यांच्या लयीत टेकवत गेले, तेव्हा आकृत्या उभ्या राहिल्या.

इथे मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपण सुपावर काढतो ती हौस आहे. वारली चित्रकला ही पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका समाजाची जगण्यातून आलेली कला आहे. तिथे कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढली जातात आणि लग्नातला देवचौक, म्हणजे विधीसाठीचे चौकोनी चित्र, सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणून जगभर पोहोचवली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणून साखळीनृत्य, झाडे, पक्षी हे हौसेने जरूर काढावे, पण देवचौक सजावट म्हणून गिरवू नये, असे माझे मत आहे. तो हवा असेल तर वारली कलाकाराकडून कापडावर काढलेला विकत घ्यावा. कापड गुंडाळून पुढच्या घरी नेता येते, ही भाडेकरूसाठी मोठीच सोय आहे.

सूप पाव किलोच्या आसपास भरले. त्याला मी दोन हूक वापरले, तरी जूनमध्ये हवा दमट झाली तेव्हा एक हूक हळूहळू खाली सरकताना दिसला. पडला नाही, पण मी धोका पत्करला नाही. पडद्याच्या दांडीला सुतळी बांधून सूप तिच्यावर टांगले आणि ते तिथे सर्वांत छान दिसले. तेव्हापासून मी घरात आधी काय काय टांगण्याजोगे आहे, ते बघायला शिकले. पडद्याची दांडी, कपाटाची वरची कड, दाराची चौकट, आधीच्या भाडेकरूचे एक-दोन जुने खिळे आणि खिडकीचे गज या जागा फुकटच्या आहेत आणि त्यांना रंगाची चिंता नाही.

बेडरूमच्या भुकटी सुटणाऱ्या भिंतीसाठी मी हातकागद वापरला. पुण्याच्या शिवाजीनगरमध्ये हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि तिथला कागद लाकडाच्या लगद्यापासून न बनवता सुती चिंध्यांपासून बनवतात. त्यामुळे तो जाड, किंचित खडबडीत असतो आणि कडा फाटल्यासारख्या, मऊ दिसतात. चार वेगवेगळ्या रंगांचे ताव १६० रुपयांना आणले, त्यांच्या तीन-तीन इंचांच्या पट्ट्या फाडल्या (कात्रीने कापल्या तर ती मऊ कड जाते, कागदाला पाणी लावून फाडावे), सुतळीवर ओवल्या आणि ती माळ कपाटाच्या एका कडेपासून खिडकीच्या गजापर्यंत ताणून बांधली. भिंतीला तिचा स्पर्शही नाही. पंखा लागला की कागद हलतात आणि त्यांचा बारीकसा आवाज येतो. माझ्या सगळ्या प्रयोगांत सर्वांत कमी कष्टाची आणि पाहुण्यांनी सर्वांत जास्त विचारलेली वस्तू हीच ठरली. पावसाळ्यात कागद थोडे वाकडे होतात, पण ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सरळ झाले.

रंगीत कागदी टेप, म्हणजे रंगाऱ्यांच्या मास्किंग टेपचेच नक्षीदार रूप, मी दोन रिळे ८० रुपयांना घेतले. प्लॅस्टिक पेंटच्या भिंतीवर त्याने पोस्टकार्डाएवढे फोटो चांगले राहतात आणि काढताना डाग पडत नाही. महिनाभराने कोपरे सुटतात, तेवढेच. लहान मुलांच्या चित्रांसाठी हा उत्तम, कारण चित्रे तशीही दर आठवड्याला बदलायची असतात. मागचा कागद सोलून थेट भिंतीवर लावायच्या वॉलपेपरचा मी नमुना मागवून पाहिला आणि मोठे रीळ घ्यायचा विचार सोडून दिला. टाइल्सवर तो सुरेख बसला, डिस्टेंपरवर एका रात्रीत कोपऱ्यापासून गुंडाळला गेला. पारदर्शक जेल टेपही टाइल, काच आणि ग्रॅनाइटपुरताच ठेवावा. रंगाच्या भिंतीवर तो लावायची शिफारस मी कोणालाही करणार नाही.

करारावर सही करण्याआधी एक काम मात्र अवश्य करावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. त्याच करारात रंगकामाचे पैसे कोणी आणि कधी द्यायचे, आणि नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यात धरायची की नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे. सामान लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे दिवसाच्या उजेडात फोटो काढून ते मालकांनाही पाठवावेत. आम्ही तसे केले होते, त्यामुळे घर सोडताना बोलणी पाच मिनिटांत आटोपली.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी पाच हूक काढले. हूक एका हाताने अलगद धरायचा, दाबायचा नाही, आणि दुसऱ्या हाताने खालचे टोक भिंतीला घासत सरळ खाली, अगदी सावकाश ओढत राहायचे. पट्टी हातभर लांब होते, किंचित कुरकुरते आणि मग एकदम सुटते. चार अशाच स्वच्छ निघाल्या. पाचवी मी घाईत स्वतःकडे खेचली आणि ती मध्येच तुटली. तेव्हा हेअर ड्रायरने ती जागा कोमट करून हूकमागून शिवणकामाचा जाड दोरा करवतीसारखा मागेपुढे फिरवला आणि उरलेला चिकट भाग बोटाने चोळून गोळा केला. रंग शाबूत राहिला. हूक पुन्हा वापरता येतात आणि नुसत्या पट्ट्यांचे पाकीट वेगळे मिळते, तेच मी आता नव्या घरासाठी आणले आहे. तिथे हॉलला ऑईल पेंट आहे. काळा कपडा फिरवून पाहिला, काळाच राहिला.